सहावं बोट : लबाड नायकाची अद्भुत फिल्म खानदेशात, मोबाईलवर, सहा दिवसांत

लबाडाची फिल्म बहुतेकदा मध्यावर मरते. आधी तो फसवतो, लोक हसतात. मग घरातलं कोणी आजारी पडतं, तो रडतो, आणि पुढच्याच दृश्यात सत्यवचनी होऊन हातात काठी घेऊन उभा असतो. तिथे प्रेक्षक उठतो. ज्या माणसाची गंमत बघायला तो बसला होता, तोच लेखकानं काढून घेतलेला असतो.

म्हणून पहिला नियम : लबाडी काढून घेऊ नका. ज्या हातचलाखीनं त्यानं पहिल्या पाच मिनिटांत एखाद्याला लुबाडलं, तीच हातचलाखी शेवटच्या पाच मिनिटांत त्याला जिंकून देऊ द्या. बदलायचं एवढंच, की किंमत कोण भरतो.

पुढचं सगळं २५ ते २८ मिनिटांच्या फिल्मसाठी आहे. एक मोबाईल, एक भक्कम ट्रायपॉड, पाच नट, चार मदतनीस. मोठी फिल्म करायची असेल तरी आधी ही करा.

गोष्ट : तीन सौदे

नमुन्यासाठी एक गोष्ट घेऊ. नायकाचं नाव दगा. धुळे-जळगावकडे जुन्या पिढीत हे नाव सहज सापडतं, आणि त्याचा दुसरा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. धंदा हेड्याचा, म्हणजे बैलबाजारातला दलाल. हा धंदा निवडायचं कारण रुमाल. बैलाचा भाव तोंडानं न सांगता रुमालाखाली हात घालून बोटं धरून ठरवायची जुनी रीत आहे. बघणाऱ्याला नुसता हलणारा कपडा दिसतो. अद्भुत गोष्टीला याहून स्वस्त आणि याहून चांगला पडदा मिळणार नाही.

पहिला सौदा बाजारात. फिल्मपुरतं एक बोट म्हणजे एक हजार धरा आणि हे शेजारच्या चहावाल्याच्या तोंडून एका वाक्यात सांगून टाका. दगा म्हाताऱ्याला रुमालाखाली आठ सांगतो, घेणाऱ्याला नऊ. मधलं एक बोट त्याचं. ‘बैल तुना, जबान मनी,’ हे त्याचं पालुपद. किंमत भरली म्हाताऱ्यानं.

दुसरा सौदा तापीच्या डोहाकाठी, रात्री. डोहातला हेडी, म्हणजे पाण्यात राहणारा अमानवी दलाल, पाण्यातून हात काढतो. (पुढे नुसतं ‘हेडी’ म्हटलं की हाच.) गावच्या विहिरींना पाणी देतो म्हणतो, बदल्यात मूठभर काहीतरी. दगा पाच बोटं मोजतो आणि खूश होऊन घरी येतो. समोरच्या हाताला सहा बोटं होती. सहाव्या बोटात त्याच्या आंडेरचा, मुलीचा, आवाज गेला.

तिसरा सौदा आवाज परत मिळवण्याचा. किंमत सहा बोटं, दगाजवळ पाच. रुमालाखाली कोणाचं बोट कोणाच्या मुठीत आहे हे दिसत नाही. दगा हेड्याचं स्वतःचंच सहावं बोट त्याच्या मुठीत सरकवतो. सौदा पुरा होतो, आंडेर बोलू लागते. दगानं दिलेली पाच मात्र खरी होती, आणि त्यांत त्याची जबान गेली.

तीनदा रुमाल, तीनदा तीच चलाखी, किंमत भरणारा दर वेळी वेगळा : परका, घरचा, स्वतः. वाल्या कोळ्याच्या गोष्टीतही कळीचं ठिकाण तेच आहे. नारद त्याला उपदेश करत नाही, एक प्रश्न विचारतो : तुझ्या पापात वाटेकरी कोण? घरचे नाही म्हणतात आणि वाल्या हलतो. तुमच्या फिल्ममध्येही एकच असा प्रश्न ठेवा आणि तो साधूच्या तोंडी देऊ नका. आवाज गेलेली मुलगी बापाची बोटं एकेक करून मोजते आणि पाचावर थांबून त्याच्याकडे बघते. एवढं पुरे. संवाद नको.

लिहिताना तीन ठिकाणी गडबड होते. पहिली, दगा नुसता वाईट दाखवला जातो. पहिल्या दृश्यात त्याचं कौशल्य दिसलं पाहिजे : बैलाचा दात बघून वय अचूक सांगणं, रडणाऱ्या पोराला हसवणं. हुशार माणसाला प्रेक्षक बरंच माफ करतो, आळशाला नाही. दुसरी, डोहातल्या हेड्याला फार शक्ती दिल्या जातात. त्याला एकच नियम द्या, ‘मुठीत आलं ते माझं,’ आणि तो कधीही मोडू नका. शेवटी दगा या नियमानंच त्याला बांधतो, नियम मोडून नाही. तिसरी गडबड जातीची. लबाड दाखवायला बहुरूपी, गारुडी किंवा एखाद्या भटक्या समाजाचं नाव लावायची जुनी खोड आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसांवर जो शिक्का मारला, तो १९५२ मध्ये कायदा गेल्यावरही पुसलेला नाही. तुमच्या फिल्मनं त्यात भर घालू नये. दगाला धंदा द्या, आडनाव देऊ नका.

भाषेचं एक. अहिराणी म्हणजे सगळा खानदेश नव्हे. धुळे, अमळनेर, चाळीसगावकडे ‘शे’, ‘मना’, ‘तुले’, ‘कितला’. भुसावळ, यावल, रावेरकडे लेवा गणबोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, केळीची ‘केयी’ होते. सातपुड्यात भिली, पावरी. एकाच घरातल्या बापलेकीनं दोन बोली बोलल्या तर गावातला प्रेक्षक पहिल्या मिनिटाला पकडतो. नट जिथले, बोली तिथली. प्रमाण मराठी घेणाऱ्याच्या तोंडी ठेवा, तो शहरातून आलेला आहे. संहिता छापून वाटण्यापेक्षा संवाद नटाकडून बोलवून घ्या आणि तो जसा बोलला तसा लिहून काढा. लिहिलेली अहिराणी वाचून म्हटली की ती रेडिओसारखी ऐकू येते.

एक पान साधारण एक मिनिट, या हिशेबानं २६ पानं. दिवसाला साडेचार पानं, सहा दिवस. तिन्ही रुमाल एकाच दिवशी, एकाच खोलीत घ्या. कारण पुढे येतं.

रुमालाखालचा हात

सगळी फिल्म या एका चौकटीवर उभी आहे, म्हणून इथे कंजुषी नको. बाकीचे परिणाम कच्चे राहिले तरी चालतील.

कापड आधी. टर्किशचा टॉवेल नको, त्यात बोटं बुडतात. गळ्यातला रंगीत गमछा नको, चौकटीच्या नक्षीत उंचवटा हरवतो. पातळ सुती पांढरं उपरणं किंवा पंचा घ्या, चार-पाच वेळा धुतलेला, कांजी नसलेला. नव्या कापडाला ताठरपणा असतो, ते बोटांवर तंबूसारखं उभं राहतं. शॉटच्या आधी पाणी शिंपडून घट्ट पिळून घ्या. किंचित ओलसर कापड बोटाला चिकटतं आणि प्रत्येक पेर दिसतं. फार ओलं झालं तर कातडीचा रंग आरपार दिसतो आणि गंमत जाते.

प्रकाश एकाच बाजूनं आणि खालच्या पातळीवरून. हाताच्या उंचीला, साधारण दीड फुटावर, एक साधा दिवा. वरून प्रकाश टाकला तर कापड सपाट पांढरं दिसतं. बाजूनं टाकला की प्रत्येक बोटाला सावली पडते आणि प्रेक्षक नकळत मोजायला लागतो. पाच बोटं, पाच सावल्या, मग सहावी. समोरच्या बाजूला काळं घोंगडं टांगा म्हणजे उडालेला उजेड सावल्या भरून काढणार नाही.

सहावं बोट असं करा. नटाच्या मापाचा पातळ रबरी हातमोजा घ्या. स्पंजची ७ सेंटीमीटर लांब, करंगळीच्या जाडीची पट्टी कापा, तिच्या आत १८ गेजची मऊ तार घाला. तारेची दोन्ही टोकं गोल वळवा, नाहीतर मोजा फाटतो आणि हातही. हे बोट करंगळीच्या बाहेरच्या बाजूला, मुळापासून जरा खाली बसवा. चिकटवायला चांभाराकडे मिळणारं सोल्युशन चालतं : दोन्ही पृष्ठभागांना लावायचं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं, मग दाबायचं. ओलं असताना दाबलं तर तासाभरात सुटतं. मोजा हातात असताना चिकटवू नका आणि खोलीची खिडकी उघडी ठेवा.

पहिल्या प्रयत्नात हे बोट मेलेलं दिसतं. बाकीची पाच हलतात, सहावं तसंच राहतं. उपाय तंगुसाचा. सहाव्या बोटाच्या मधल्या पेराला मासेमारीची बारीक तंगूस बांधून दुसरं टोक करंगळीच्या मधल्या पेराला बांधा, मध्ये अर्धा सेंटीमीटर ढील ठेवा. करंगळी वळली की सहावं किंचित उशिरा वळतं. हा उशीरच अंगावर काटा आणतो. ढील नसेल तर दोन्ही बोटं एकदम वळतात आणि ते एकच जाड बोट वाटतं.

मोबाईल हाताच्या पातळीला, तीन फुटांवर. लेन्स दुप्पट झूमची असेल तर ती वापरा, रुंद लेन्सनं हात फुगतो. फोकस आणि एक्सपोजर, म्हणजे उजेडाचं माप, बोट दाबून लॉक करा. पांढरं कापड हललं की फोन आपणहून उजेड कमी-जास्त करतो, आणि ही एक चूक सगळा शॉट घालवते. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे या आकड्यांना दिवे लुकलुकत नाहीत. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात हे बसवता येत नसेल तर हातानं नियंत्रण देणारं कॅमेरा ॲप घ्या.

आता तिन्ही रुमाल एका दिवशी का घ्यायचे ते. चौकट तीच राहिली पाहिजे. ट्रायपॉडच्या पायांना जमिनीवर खडूच्या खुणा करा, हात टेकायच्या पाटावर चिकटपट्टी लावा. पहिल्यात बोटं झरझर, साताठ सेकंदांत काम. दुसऱ्यात पंधरा सेकंद, आणि सहावं बोट दगाच्या लक्षात यायच्या आधी प्रेक्षकाला दिसलं पाहिजे. तिसऱ्यात पंचवीस. तिसऱ्यात दगाच्या मोकळ्या हातानं समोरच्याचं सहावं बोट दुमडून त्याच्याच तळव्यात घालायचं असतं. कापडावरून हे नीट वाचता यावं म्हणून सहावं बोट आधी ताठ उभं दाखवा, मग सावकाश आडवं होऊ द्या. ज्यानं संहिता वाचलेली नाही अशा माणसाला शॉट दाखवा आणि काय झालं ते विचारा. त्याला सांगता आलं नाही तर संवाद घालू नका, शॉट पुन्हा घ्या.

डोह, डोहाशिवाय

तापीच्या डोहात रात्री माणूस उतरवायचा नाही. शेततळं तर त्याहून वाईट. प्लास्टिकच्या अस्तरावर शेवाळ धरतं, काठ उताराचा असतो आणि पोहणाराही वर चढू शकत नाही. नदीचे लांबचे शॉट दिवसा घ्या, हात घरामागच्या अंगणात.

साठ विटांचा चार बाय सहा फुटांचा चौकोन मांडा, एकावर एक दोन थर. आत काळी ताडपत्री अंथरा, कडा विटांवरून बाहेर काढून दाबा. १५ सेंटीमीटर पाणी भरायला साधारण ३३० लिटर लागतं, म्हणजे दोनशे लिटरचे पावणेदोन ड्रम. नट चौकोनाबाहेर पालथा झोपतो, दंड पाण्याखालून आत येतो, कोपर तळाला टेकतं आणि हात मनगटापासून सरळ वर येतो. कोपराखाली एक पालथी वीट ठेवा, नाहीतर दोन मिनिटांत हात थरथरतो आणि हेडी म्हातारा वाटतो.

कॅमेरा पाण्याच्या पातळीच्या चार बोटं वर. इतक्या तिरक्या कोनातून पाणी आरशासारखं होतं आणि तळ दिसत नाही. दिवा समोरून नको, हाताच्या मागून. तरीही ताडपत्रीच्या सुरकुत्या दिसल्या तर पाण्यात मूठभर काळी माती कालवून अर्धा तास थांबा. लगेच शूट केलं तर गढूळ ढग फिरताना दिसतात.

धूर हवा असेल तर घमेल्यात निखाऱ्यावर धूप किंवा लोबान. वारा पडल्याशिवाय धूर पाण्यावर बसत नाही. खानदेशात हिवाळ्यात उजाडताना तो बहुधा पडलेला असतो, त्यामुळे ‘रात्रीचा’ हा शॉट पहाटे घ्या.

मुखवटा

हेड्याचं तोंड जितकं कमी दिसेल तितकं बरं. एकदाच दाखवा, तिसऱ्या सौद्यात, चार सेकंद.

एक किलो रद्दीचे बोटभर तुकडे करून दोन दिवस भिजत घाला, वाटून घट्ट पिळा. चिंचोके भाजून, सालं काढून, त्यांचं पाव किलो पीठ पाण्यात शिजवून खळ करा. मैद्याचीही चालते, पण ती उंदरांना फार आवडते. लगदा आणि खळ मळून त्यात दोन मुठी शाडू घाला. परातीत शाडूचाच चेहरा घडवून त्यावर ओल्या कागदाचा एक थर द्या, हा थर लगद्याला साच्यापासून सोडवतो. मग लगद्याचा अर्धा सेंटीमीटरचा थर. नाक आणि भुवया नंतर वर चढवा.

आता मुख्य चूक. लोक हा मुखवटा गच्चीवर उन्हात ठेवतात. एप्रिल-मेचं आपलं ऊन बाहेरचा थर तासाभरात कडक करतं, आतला ओलाच असतो, आणि संध्याकाळपर्यंत कपाळापासून हनुवटीपर्यंत भेग पडते. सावलीत, वाऱ्याला, तीन-चार दिवस. रोज फिरवायचा. आतून सुती कापड चिकटवा, नाकपुड्यांशी भोकं मोठी ठेवा. नटाला आत बोलायचं नाही, आवाज नंतर घ्यायचा आहे.

रंग काळा नको. रात्री काळा मुखवटा म्हणजे नुसता अंधार. राखेचा करडा रंग घ्या, खोलगट भागात कोळसा, उंचवट्यांना हळदीचा हलका हात. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीत राखेनं नक्षी काढलेली अंगं शेकोटीच्या उजेडात कशी उठून दिसतात ते एकदा जाऊन बघा, म्हणजे करड्याची ताकद कळेल. बघायला जा, उचलायला नको. ती नक्षी त्या लोकांच्या नवसाची आहे.

एकाच चौकटीत दोन दगा

दुसऱ्या सौद्यात हेडी दगाचंच रूप घेऊन काठावर बसतो. दोन्ही भूमिका एकाच नटाच्या. ट्रायपॉड हलवायचा नाही, फोनला हातही लावायचा नाही, ब्लूटूथचं बटण किंवा हातघड्याळ वापरा. आधी रिकामी चौकट १५ सेकंद, मग डावा दगा, मग कपडे बदलून उजवा. संकलनात मधोमध मास्क लावून, म्हणजे चौकटीचा अर्धा भाग झाकून, जोडा. जोड एखाद्या उभ्या वस्तूवर आणा, बाभळीचं खोड किंवा भिंतीची कड. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून दोन्ही बाजू दहा मिनिटांत उरका. कपडे बदलण्याऐवजी उपरणं बदललं तर पाच पुरतात. एकाची सावली जोडावरून पलीकडे गेली तर ती अर्धी कापली जाते. हे जागेवर दिसत नाही, घरी दिसतं.

नजर जुळवायला समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीला काठी रोवून तिला लाल चिंधी बांधा.

शेवटी हेडी डोंगराएवढा होतो, त्याला संगणक लागत नाही. हेडी फोनपासून २ मीटरवर, दगा ६ मीटरवर, दगा एक तृतीयांश दिसतो. फोन जमिनीलगत, साधी लेन्स, पोर्ट्रेट मोड बंद, कारण दोघंही स्पष्ट हवेत. फसतं ते पायांपाशी. दगाचे पाय कुठे टेकलेत हे कळलं की अंतर कळतं. शेताच्या बांधाची वरची कड दगाच्या पावलांशी जुळवा, तो बांधावर उभा वाटेल. हेडी कमरेपासून वरच दाखवा.

हिरव्या पडद्याचा, म्हणजे संकलनात काढून जागी दुसरं चित्र बसवायच्या कापडाचा, मोह होईल. एकदाच सांगायचं : रावेर-सावद्याकडे केळीच्या बागेलगत हिरवा पडदा लावू नका. पानांवरून उडालेला हिरवा उजेड नटाच्या गालावर पडतो आणि पडदा काढताना गालही जातो. निळं कापड घ्या, नट त्यापासून सहा फूट पुढे.

ऊन, वारा, वीज

शूटिंगसाठी डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य साधारण ४५ अंशांवर असतो, चेहऱ्याला आकार येतो. मेच्या अखेरीस तो खानदेशात जवळजवळ डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात आणि ४४-४५ अंशांत फोन तापून बंद होतो. ॲपल आपल्या फोनसाठी ३५ अंशांपर्यंतची हवा ठीक मानतं, यावरून काय ते समजा. उन्हाळ्यातच करायचं असेल तर सकाळी साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर, फोन एअरप्लेन मोडवर, कव्हर काढून, ओल्या कापडात नव्हे तर सावलीतल्या पत्र्याच्या डब्यात. पावसाळ्यात सातपुडा सुंदर दिसतो, पण काळ्या मातीत ट्रायपॉड रुततो आणि शॉटच्या मधेच वाकतो. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा.

शेतातल्या विजेवर दिवे लावायचं नियोजन करू नका. शेतीपंपांची वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. एक जुनी गाडीची बॅटरी आणि १२ व्होल्टचे दोन एलईडी दिवे रात्रीचं काम भागवतात. लांबचे रात्रीचे शॉट मावळतीआधी तासभर घ्या : सूर्य नटाच्या मागे, आकाश चौकटीबाहेर, एक्सपोजर दोन पायऱ्या खाली, संकलनात हलका निळा.

दुपारच्या जेवणाला भरीत आणि कळण्याची भाकरी ठेवली तर तीन वाजेपर्यंत काम होत नाही. ते शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा.

आवाज

चित्र डळमळीत असलं तर प्रेक्षक सोसतो, आवाज फाटका असला तर नाही. शर्टाला लावायचा माइक हनुवटीपासून वीतभर खाली, फोनच्या माइकवर भरवसा नको. वाऱ्यासाठी खेळण्यातल्या अस्वलाच्या कातड्यासारख्या केसाळ कापडाची टोपी शिवून माइकवर चढवा. प्रत्येक जागेचा मुका आवाज ३० सेकंद घ्या, पंपाची घरघर सुद्धा, संकलनात ती शॉटच्या जोडांखाली अंथरावी लागते.

हेड्याचा आवाज घरात, चारी बाजूंनी घोंगड्या टांगून. नटानं रिकाम्या मातीच्या रांजणात तोंड घालून बोललं की जो घुमारा येतो तो कुठल्याही ॲपमध्ये नाही. माइक रांजणाच्या काठाला, आत नाही. मुलीचा आवाज गेल्यावर तिच्या पैंजणाचा आवाजही काढून टाका. लोकांना नेमकं काय नाही ते कळत नाही, पण टोचतं.

बैल आणि कागदपत्रं

फिल्ममध्ये जनावराकडून काम करून घ्यायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते. बैल कमीत कमी ठेवा. रुमाल, गळ्यातली घंटा, दोरखंड, शिंगांची सावली, जमिनीवरचे खूर, इतक्यात बाजार उभा राहतो. सावलीची शिंगं पुठ्ठ्याची चालतात. सजलेले बैल हवेत तर पोळ्याला गावात जे दिसतं ते मालकाला विचारून लांबून टिपा.

बैलबाजार बाजार समितीच्या अखत्यारीत असतो, सचिवांच्या नावे साधा अर्ज आधी द्या आणि शिक्क्याची प्रत खिशात ठेवा. बाजाराच्या दिवशी मोठा ट्रायपॉड नेला की गर्दी कॅमेऱ्याकडे बघते. फोन छातीशी धरून उभे राहा आणि दगाचा नट खऱ्या गर्दीत सोडा. कोणाचा खरा सौदा टिपू नका, तो त्यांचा खासगी व्यवहार आहे.

तापीकाठी थाळनेर, धुळ्याजवळ लळिंग, अशा किल्ल्यांवर शूट करण्याआधी पुरातत्त्व खात्याचा फलक आहे का ते बघा. असेल तर लेखी परवानगीशिवाय ट्रायपॉड उघडायचा नाही. पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्यात येतो, तिथे वन विभाग. हे कागद यायला वेळ लागतो. शेवटचा शॉट गावाबाहेरच्या पडक्या वाड्यात बसत असेल तर तोच बरा.

यूट्यूबवर टाकायला सेन्सॉरचा दाखला लागत नाही, चित्रपटगृहात लावायला लागतो.

संकलन

संगणक असेल तर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती सगळं करते, फोनवर काइनमास्टर पुरतं. आधी फक्त तीन रुमाल एकापाठोपाठ जोडून बघा, मधलं काहीही न घालता. तेवढ्यातून गोष्ट कळली तर बाकीचं संकलन दोन दिवसांचं काम आहे. नाही कळली तर रुमाल पुन्हा शूट करा, मधे पार्श्वसंगीत ओतू नका.

शेवटचं दृश्य पुन्हा बाजारात. मुलगी गिऱ्हाइकाशी बोलते आहे, दगा शेजारी गप्प. तोच म्हातारा समोर येतो. दगा उपरणं पसरतो, पण हात त्याखाली घालत नाही. उघड्यावर, सगळ्यांसमोर, नऊ बोटं दाखवतो. म्हाताऱ्याच्या तोंडावर विश्वास आणू नका, त्याला संशयानंच बघू द्या. शॉट बोटांवर सहा सेकंद धरा. नट चौथ्या सेकंदाला हात खाली घेऊ लागतो, त्याला आधीच सांगून ठेवा.